नाव सारखं म्हणून माणूस तोच नव्हे: व्हर्जिनियातल्या गुलाममालक शेतकऱ्याच्या घराण्याचा माग कसा काढायचा

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता सुना-जावई इथलेच येतात. नातवंडं शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता भरायला आणतात. एका बाजूची नावं पुण्याची आत्या फोनवर सांगते. दुसऱ्या बाजूसाठी मंडळी संगणक उघडतात, सुनेच्या माहेरचं आडनाव टाकतात आणि अर्ध्या तासात थेट सतराव्या शतकातल्या इंग्लंडला पोचतात. त्या अर्ध्या तासातलं बहुतेक चुकलेलं असतं.

मीही चुकलो. एका तयार वंशवृक्षावरून उचललेला माणूस आठ महिने सुनेचा पूर्वज म्हणून व्याह्यांना दाखवत होतो. नाव तेच, काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) तीच, काळही तोच. मग करयाद्या वाचायला घेतल्या आणि दिसलं की त्या काउंटीत त्याच नावाचे तीन शेतकरी होते. एकाकडे नऊ गुलाम, दुसऱ्याकडे दोन, तिसऱ्याकडे एकही नाही. मी तिघांचे तुकडे जोडून एक आयुष्य शिवलं होतं.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की धरली आहे. नावावरून माणूस ठरत नाही. तो ठरतो त्याच्या जमिनीच्या चतु:सीमेवरून, दस्तावरच्या साक्षीदारांवरून आणि त्याने गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांच्या नावांवरून. या तिसऱ्या पुराव्याकडे लोक डोळेझाक करतात, आणि नेमका तोच धागा सगळ्यांत लांब जातो.

इथे शोधायचा तो शेतकरी जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननसारख्या मळ्याचा धनी नव्हे. तसल्यांवर पुस्तकांच्या भिंती उभ्या आहेत. आपला माणूस दक्षिण व्हर्जिनियातला, दोन-तीनशे एकरांचा, तंबाखू आणि मका पिकवणारा, पाच-दहा माणसांना गुलाम म्हणून राबवणारा, आणि सही येत नसेल तर फुली मारणारा.

## आधीची तयारी

प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘अमुक घराणं शोधायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘१८५० साली पिटसिल्व्हेनिया काउंटीत पन्नाशीला आलेल्या अमक्याचे आईवडील कोण?’ हा प्रश्न. एका वेळी एकच. तो सुटेपर्यंत दुसरी शाखा उघडायची नाही.

तक्ता आखा. एका कागदपत्राला एक ओळ. रकाने असे: तारीख, काउंटी, पुस्तक व पान, काय लिहिलंय, एकर, ओढ्याचं किंवा नदीचं नाव, शेजारी, साक्षीदार, गुलामांची नावं. शेवटचे चार रकाने लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी सगळी पानं पुन्हा चाळत बसतात. नावाचं स्पेलिंग कागदावर असेल तसंच उतरवा. एकाच दस्तात एकाच माणसाचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘आमचं आडनाव दुहेरी टी-वालं, हे आमचे नव्हेत’ असं म्हणायची सोय नाही.

घरातलं आधी गोळा करा. सुनेच्या आजीच्या कपाटात कौटुंबिक बायबल असेल, तर त्यातल्या जन्म-मृत्यूच्या पानांचे फोटो घ्या. पण त्याआधी बायबलच्या पहिल्या पानावरचं छपाईचं साल बघा. बायबल १८४२ चं आणि १७९० पासूनचे जन्म एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेले असतील, तर ती पानं नंतर आठवणीतून उतरवलेली आहेत. ती टाकून देऊ नका, पण त्यांना त्या काळची नोंदही समजू नका.

आपल्या सवयी बाजूला ठेवा. मराठी माणसाच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे मधलं नाव वडिलांचं समजणं. इथे मधलं नाव बरेचदा आईचं माहेरचं आडनाव असतं. ते सापडलं तर सोनं, पण खुणेपुरतंच. दुसरी चूक सिनिअर-ज्युनिअरची. अठराव्या शतकात हे शब्द काउंटीतल्या एकाच नावाच्या थोरल्या-धाकट्यांना लावत. ते बापलेक असतील, काका-पुतणे असतील, किंवा एकमेकांचे कोणीच नसतील. थोरला वारला की धाकटा ‘सिनिअर’ व्हायचा. म्हणजे एकाच माणसाची पदवी आयुष्यात बदलायची!

शब्दांचे अर्थही तेव्हाचे घ्या. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं बाळ नव्हे, २१ वर्षांखालचा कोणीही. ‘सन-इन-लॉ’ जावई असेल किंवा सावत्र मुलगाही असेल. ‘कझिन’ म्हणजे कसलाही नातलग. ‘सर्व्हंट’ हा शब्द गुलामासाठी सर्रास वापरत. तो वाचून ‘आमच्याकडे नोकर होते’ असं लिहू नका. पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, नॅन्सी म्हणजे ॲन. मृत्युपत्रातली पॉली आणि लग्नाच्या नोंदीतली मेरी या दोघी बहिणी ठरवून मोकळं व्हायला वेळ लागत नाही.

तारखांचा घोळ. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. शिवाय त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. जॉर्ज वॉशिंग्टन जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा. म्हणून ‘मार्च १७४० ला लग्न आणि फेब्रुवारी १७४० ला मूल’ असं दिसलं की भुवया उंचावू नका. जुन्या गणनेत तो फेब्रुवारी त्या मार्चनंतर अकरा महिन्यांनी आला.

## टप्पा १: आजपासून मागे या, १८५० वर थांबा

वरून खाली येऊ नका. १६५० च्या प्रसिद्ध नावापासून आपल्यापर्यंत वाट काढणारा हटकून वाट चुकतो.

१९५० ची जनगणना खुली आहे. तिच्यापासून दर दहा वर्षांनी मागे जा. १८९० चा बराचसा भाग वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत गेला, त्यामुळे १९०० वरून १८८० वर उडी मारावी लागते. ही वीस वर्षं लग्नाच्या नोंदी, करयाद्या आणि व्हर्जिनियाच्या जन्म-मृत्यू नोंदींनी भरून काढा. या नोंदी राज्यात १८५३ ते १८९६ ठेवल्या गेल्या, मग खंड पडला आणि १९१२ पासून पुन्हा सुरू झाल्या.

घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं १८८० पासून लिहिलं जातं. १८५०, ६० आणि ७० मध्ये ते नाही. नवरा ४८ चा, बायको २९ ची आणि थोरला मुलगा १९ चा, म्हणजे ही बायको त्याची आई नव्हे हे उघड आहे. पण बायको ३८ ची असली तरी ती आईच असेल असं धरू नका. बाळंतपणात बायका जात आणि वर्षभरात दुसरं लग्न होई.

१८५० वर आलात की एका शेतकऱ्याची तीन पानं मिळून काढायची: माणसांची यादी, गुलामांची यादी आणि शेतीची यादी. शेतीच्या यादीत कसलेली आणि पडीक जमीन, घोडे, खेचरं, डुकरं, मका किती बुशेल (धान्याचं माप) आणि तंबाखू किती पौंड ते लिहिलेलं असतं.

तपासा: तिन्ही पानांवर तोच माणूस आहे का? मागचे-पुढचे शेजारी जुळतात का? माणसांच्या यादीत जमिनीची किंमत शून्य आणि शेतीच्या यादीत ३०० एकर असतील, तर ते दोघे वेगळे आहेत किंवा हा दुसऱ्याची जमीन कसतोय.

## टप्पा २: काउंटी पक्की करा, मगच पुस्तक उघडा

सगळ्यात जास्त श्रम इथे वाया जातात. कुटुंब एकाच घरात, एकाच ओढ्याकाठी राहिलं तरी काउंटी बदलत जाते. १७४६ मध्ये लुनेनबर्ग झाली, तिच्यातून १७५२ मध्ये हॅलिफॅक्स आणि हॅलिफॅक्समधून १७६७ मध्ये पिटसिल्व्हेनिया. म्हणजे आज पिटसिल्व्हेनियात असलेल्या शेताचं १७५० चं खरेदीखत लुनेनबर्गच्या कोर्टात, १७६० चं हॅलिफॅक्सच्या आणि १७७० चं पिटसिल्व्हेनियाच्या. जुनी पुस्तकं नव्या काउंटीला मिळत नाहीत, ती जिथल्या तिथेच राहतात.

शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या जुन्या सीमांचा नकाशासंग्रह ऑनलाइन खुला ठेवला आहे. तक्त्यात प्रत्येक सालासमोर त्या दिवशीची काउंटी लिहा. ‘पूर्वज १७६७ मध्ये हॅलिफॅक्सहून पिटसिल्व्हेनियात स्थलांतरित झाले’ असं वाक्य मी किती वंशवृक्षांत वाचलंय! ते कुठेही गेले नव्हते. रेषा त्यांच्या डोक्यावरून गेली.

सावध: काही कोर्टांची दप्तरं जळाली आहेत. बकिंगहॅमचं कोर्ट १८६९ मध्ये जळालं. यादवी युद्धात काही काउंट्यांनी दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला हलवली आणि एप्रिल १८६५ च्या आगीत ती तिथेच खाक झाली. तुमची काउंटी त्यांतली असेल तर राज्याकडे गेलेल्या करयाद्यांच्या प्रती आणि शेजारच्या काउंट्यांची पुस्तकं हाच आधार.

## टप्पा ३: करयाद्या, वर्षामागून वर्ष

१७९० ते १८४० च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीच्यांचे वयोगटाप्रमाणे आकडे आणि गुलामांचेही आकडेच. त्यातही व्हर्जिनियाच्या १७९० आणि १८०० च्या याद्या जवळजवळ सगळ्या गेल्या. १७९० च्या नावाने छापून मिळतं ते १७८० च्या दशकातल्या राज्याच्या याद्यांवरून जुळवलेलं आहे.

ही उणीव कराच्या याद्या भरून काढतात. १७८२ पासून व्हर्जिनियात दोन वेगळ्या याद्या दरसाल होत: एक जमिनीची, दुसरी जंगम मालमत्तेची. दुसरीत गोरे करपात्र पुरुष, गुलाम, घोडे आणि काही वर्षं गुरं. दहा वर्षांतून एकदा काढलेल्या फोटोपेक्षा हे कितीतरी बरं.

करायचं ते असं. वीस-पंचवीस वर्षांच्या याद्या घ्या आणि त्या आडनावाचा प्रत्येक माणूस उतरवा, फक्त आपला नव्हे. मग ओळी बोलू लागतात. बापाच्या नावासमोर करपात्र पुरुष एकाचे दोन झाले, म्हणजे मुलगा सोळाचा झाला. काही वर्षांनी तिथला आकडा उतरला आणि खाली नवं नाव आलं, म्हणजे तो स्वतंत्र झाला. एका वर्षी नावापुढे ‘इस्टेट’ लागलं किंवा विधवेचं नाव आलं, म्हणजे बाप मधल्या बारा महिन्यांत गेला. एकाच नावाचे तीन जण असतील तर गुलाम आणि घोड्यांचे आकडे त्यांना वेगळं करतात. नऊ गुलामवाला पुढच्या वर्षी एकदम शून्यावर येत नाही. आलाच तर त्या वर्षी काहीतरी घडलंय, आणि त्याचा कागद कोर्टात आहे.

जमिनीच्या यादीत १८१४ पासून कोर्टापासूनचं अंतर, दिशा आणि जवळचा ओढाही लिहू लागले. त्याआधी फक्त एकर.

सावध: १८०८ च्या याद्या व्हर्जिनियात झाल्याच नाहीत. त्या वर्षी नाव नाही म्हणून पूर्वजाला टेनेसीला धाडू नका.

तपासा: याद्या वर्णानुक्रमे लावलेल्या आहेत की कर गोळा केल्याच्या तारखेप्रमाणे? तारखेप्रमाणे असतील तर एकाच दिवशीची नावं बहुधा शेजाऱ्यांची. ती सगळी उतरवून घ्या.

## टप्पा ४: जमीन, आली कशी आणि गेली कशी

आपल्याकडे सातबारा काढला, फेरफार पाहिले की वारसांची साखळी दिसते. इथे तलाठी नाही आणि गट नंबरही नाही. खरेदीखत झालं की काउंटीचा कारकून त्याची नक्कल पुस्तकात करून घेई, एवढंच. वारसाने आलेल्या जमिनीची अशी नोंद होतच नसे. ती नेमकी इथेच शोधायची: जमाखर्च मांडा. विकत आणि सरकारी सनदेने आलेले एकर एका बाजूला, विकलेले दुसऱ्या बाजूला. ५२० आले आणि ३४० विकले, तर उरलेले १८० कुठे गेले? किंवा उलट, कधी विकत न घेतलेली १५० एकर जमीन माणूस विकतोय, तर ती आली कुठून? सासऱ्याकडून किंवा बापाकडून. चतु:सीमा जुळवल्या की कोणाकडून ते कळतं.

चतु:सीमा म्हणजे झाडं, दगड, ओढे आणि ‘पोल’. एक पोल साडेसोळा फुटांचा, १६० चौरस पोलांचा एक एकर. कागदावर एकदा आकृती काढून बघा. दोन दस्तांतल्या आकृत्या कडेला कड लागून बसल्या, की दोन शेजारी पक्के झाले.

दस्त वाचताना अडखळायच्या जागा:

वसाहतकाळात एकाच जमिनीचे लागोपाठच्या दोन दिवसांचे दोन दस्त दिसतात. पहिल्यात वर्षभराचा भाडेपट्टा आणि भाडं म्हणून मिरीचा एक दाणा. दुसऱ्यात खरी विक्री. ही कायद्याची पळवाट होती. ‘पूर्वज मिरीच्या दाण्यावर भाड्याने राहत’ असं लिहून हसं करून घेऊ नका.

‘प्रेम आणि मायेपोटी, पाच शिलिंगांना’ म्हणजे बक्षीसपत्र. समोरचा बहुधा मुलगा किंवा जावई. नातं लिहिलेलं नसलं तरी नाममात्र किंमत हीच खूण.

विक्रीला बायकोची वेगळी, नवऱ्याच्या माघारी संमती घेत, कारण तिचा तिसरा हिस्सा त्या जमिनीत असे. तिचं नाव कळायची हीच जागा. १७५५ ला मार्था आणि १७६१ ला एलिझाबेथ संमती देत असेल, तर दुसरं लग्न झालंय किंवा माणूस दुसराच आहे.

लग्नाच्या नोंदींतही अशीच गंमत आहे. नवरा आणि एक जामीन हमीपत्र लिहून देत. तो जामीन बहुतेक वेळा मुलीचा बाप किंवा भाऊ. हमीपत्राची तारीख लग्नाची नव्हे, आणि त्यातली रक्कम हुंडाही नव्हे! मुलगी २१ च्या आतली असेल तर बापाची संमतीची चिठ्ठी सोबत लागे. ती पाकिटात वेगळी राहिलेली असते, पुस्तकात नसते. विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

## टप्पा ५: मृत्युपत्र सापडलं म्हणून थांबू नका

बहुतेक लोक मृत्युपत्राचा फोटो काढतात आणि पुस्तक मिटतात. खरं सोनं पुढच्या पानांत असतं. क्रम असा: मृत्युपत्र, जामीनपत्र, मालमत्तेची मोजदाद, लिलावाचा हिशेब, वाटणी, अज्ञान मुलांच्या पालकांचे वार्षिक हिशेब. हे सगळं दहा-पंधरा वर्षं पसरलेलं असतं, कधी वेगवेगळ्या पुस्तकांत. सूचीत मृताचं नाव शोधाच, पण ज्याने इस्टेट सांभाळली त्याचंही शोधा.

मृत्युपत्रात सगळी मुलं असतातच असं नाही. ‘थोरल्याला एक शिलिंग’ म्हणजे बापाने रागाने हाकललं असं नव्हे. त्याचा वाटा आधीच बक्षीसपत्राने दिलेला असू शकतो. आणि मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर जुन्या कायद्याने सगळी जमीन थोरल्या मुलाची. व्हर्जिनियाने हे १७८५ च्या कायद्याने बदललं आणि तो लागू झाला १७८७ पासून. अब्राहम लिंकनचे आजोबा १७८६ मध्ये केंटकीत मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होती. जमीन गेली थोरल्या मॉर्डेकायकडे. धाकटा थॉमस, म्हणजे अध्यक्षांचे वडील, रिकाम्या हाताने वाढले. त्या काळात जमिनीच्या कागदात एकच मुलगा दिसला, म्हणून एकच मुलगा होता असं समजू नका.

आता मोजदादीचं एक पान जवळून बघू. समजा ओळी अशा आहेत: ‘सकी आणि तिचं मूल’, दोघांची मिळून एक किंमत. खाली ‘मुलगा बेन’. मग ‘म्हातारा हॅरी’, किंमत शून्य. त्याच्या लगेच खाली तांबडी घोडी, मग पिसांची गादी, तंबाखूचं पीक, कुदळी, कथलाची ताटं. माणूस आणि घोडी एकाच रकान्यात, एकाच शाईत. पहिल्यांदा वाचताना माझा हात थांबला होता. थांबू दे. मग पुन्हा पेन घ्या आणि त्या चारही जणांना तक्त्यात घाला, कारण पुढचा दुवा तेच देणार आहेत.

दोन वर्षांनी वाटणीचा कागद येतो: ‘तिसरा वाटा: सकी, बेन, ल्युसी’. वाटा कोणाला? एका माणसाला, ‘त्याच्या पत्नीच्या हक्काने’. पत्नीचं नावही नाही. पण त्या वर्षी त्या माणसाच्या करयादीत गुलामांचा आकडा वाढतो आणि वीस वर्षांनी त्याच्या स्वतःच्या मोजदादीत सकी आणि ल्युसी पुन्हा भेटतात. इथे मुलगी-जावयाचं नातं सिद्ध झालं. लग्नाची नोंद जळालेली असली तरीही.

सावध: वाटणी आणि विधवेचा हिस्सा वेगळा ठेवा. हिश्श्यातली माणसं विधवेकडे ती जिवंत असेपर्यंतच. पुढे ती मूळ वारसांकडे जात. माउंट व्हर्ननवर १७९९ च्या यादीत ३१७ गुलाम होते. त्यांतले जवळजवळ निम्मे मार्था वॉशिंग्टनच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, म्हणून जॉर्जच्या मृत्युपत्राने त्यांची सुटका होऊ शकली नाही. तुमच्या शेतकऱ्याची विधवा पुन्हा लग्न करून गेली असेल, तर आकडे असेच चकवतात.

आणि भाऊबंदकी झाली असेल तर नशीबच उघडलं म्हणायचं. वाटणीवरून झालेले दावे चॅन्सरी कोर्टात (वारसा, वाटणी असल्या तंट्यांच्या न्यायालयात) जात. त्यांत कोण कोणाचा मुलगा, कोण केंटकीला गेला, कोण वारलं, कोणता गुलाम कोणाकडे, हे सगळं शपथेवर लिहिलेलं सापडतं. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने अशा खटल्यांची सूची आणि बऱ्याच काउंट्यांच्या कागदांचे फोटो ऑनलाइन फुकट ठेवले आहेत. शोधताना वादी-प्रतिवादींवर थांबू नका, इतर आडनावांच्या चौकटीतही नाव टाका.

## टप्पा ६: गुलामगिरीतल्या माणसांची वेगळी वही

हा टप्पा ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात, कधी लाजेने. आमचे व्याही आधी म्हणाले होते, आमचे लोक गरीब, आमच्याकडे कसले गुलाम? चौथ्या पानावर सात नावं निघाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, लिही.

वहीत प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र पान द्या: नाव, अंदाजे जन्मसाल, आईचं नाव, कोणत्या साली कोणाकडे, कोणत्या कागदावरून. आईचा रकाना महत्त्वाचा. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीत जन्मे, म्हणून कागद आई-मुलाची जोडी सांगतात. बापाबद्दल गप्प असतात.

शेतकऱ्यांची एक रीत ध्यानात ठेवा: जमीन मुलांना, गुलाम मुलींना. लग्नात मुलीबरोबर एखादी लहान मुलगी पाठवायची. त्यामुळे माणसांचा माग जावयांच्या आडनावांतून जातो. मिशेल ओबामांच्या पूर्वज मेल्व्हिनिया यांची गोष्ट अशीच उलगडली. साउथ कॅरोलायनातल्या डेव्हिड पॅटरसन यांच्या १८५० च्या मृत्युपत्रात सहा वर्षांच्या मुलीचं नाव आहे. पुढे तिची किंमत लावली गेली ४७५ डॉलर, आणि ती पोचली जॉर्जियात, मालकाच्या मुलीच्या आणि जावयाच्या शेतावर. पॅटरसन हे आडनाव धरून बसणाऱ्याला ती कधीच सापडली नसती.

१८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाचं नाव असतं. माणसांचं मात्र फक्त वय, लिंग आणि वर्ण. एकट्या या यादीवरून कोणाचंही नाव ठरवू नका. मोजदाद १८५८ ची असेल तर तिच्यातली वयं १८६० च्या ओळींशी ताडून बघता येतात, तेवढंच. मालक म्हणून लिहिलेला माणूस कधी अज्ञान मुलाचा पालक असतो.

त्यानंतरच्या पायऱ्या: १८५३ पासूनच्या जन्मनोंदींत गुलाम आईचं आणि मालकाचं नाव मिळू शकतं. १८६६ मध्ये एकत्र राहणाऱ्या मुक्त जोडप्यांच्या नोंदवह्या झाल्या. त्यांत शेवटच्या मालकाचंही नाव लिहिलंय, पण त्या मोजक्याच काउंट्यांच्या टिकल्या. फ्रीडमेन्स ब्यूरोचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे) १८६५ ते १८७२ चे मजुरीचे करार. आणि १८७० ची जनगणना, जिथे ही माणसं पहिल्यांदा नावानिशी, आडनावानिशी येतात.

सावध: मुक्त झालेल्यांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं नव्हे. कोणी आधीच्या मालकाचं, कोणी बापाचं, कोणी स्वतः निवडलेलं. १८७० च्या पानावर जुन्या मालकाच्या आसपासची पाच-सहा पानं सावकाश वाचा, पहिली नावं आणि वयं जुळवत.

तपासा: फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळावर हस्तलिखित दस्तांत शब्दाने शोधायची सोय आता आहे, खातं फुकट. पहिलं नाव, मालकाचं आडनाव आणि काउंटी असं टाकून बघा. पण यंत्राला जुनी अक्षरं नेहमी लागत नाहीत. लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, म्हणून ‘जेसी’चा ‘जेफ्सी’ होतो. ‘जॉन’ जे-एन-ओ असा आखूड लिहिलेला असतो. यंत्राने नाही म्हटलं तरी पुस्तकाच्या हस्तलिखित सूचीतून एकदा जाच.

## टप्पा ७: डीएनए, अगदी शेवटी

डीएनए चाचणी पूर्वजाचं नाव सांगत नाही, जिवंत नातलग सांगते. पाच-सहा पिढ्यांपलीकडे धागा इतका विरळ होतो की नुसत्या जुळणीवर काही ठरवणं धोक्याचं. कागदांनी दोन पर्याय उरले असतील तर निवड करायला तिचा उपयोग करा. जुळणाऱ्यांत कृष्णवर्णीय कुटुंबं निघाली, तर पहिल्या पत्रात तुमच्याकडची वही द्या. काही मागू नका. आणि जिवंत माणसांची नावं, जन्मतारखा सार्वजनिक वंशवृक्षात घालू नका.

## टप्पा ८: लिहून काढा आणि द्या

प्रत्येक पिढीच्या जोडणीसाठी एक परिच्छेद लिहा: हा त्याचा मुलगा, कारण हे तीन कागद. त्याच नावाचा दुसरा माणूस का नव्हे, तेही लिहा. हे लिहिताना पेन अडलं, तर ती जोडणी अजून झालेली नाही. तिथे तुटक रेषा काढा आणि तशीच राहू द्या. नातवाच्या तक्त्यात दोन चौकटी रिकाम्या गेल्या तर शाळा काही म्हणत नाही.

शेवटी सूची करा. मालकांची तर कराच, पण गुलामगिरीतल्या प्रत्येकाची वेगळी: पहिलं नाव, वर्ष, काउंटी, कोणाकडे, कोणत्या पुस्तकाचं कितवं पान. एक प्रत काउंटीच्या ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात जाऊ द्या. तिथे येणारा वाचक तुमच्या शेतकऱ्याचं आडनाव ऐकून आलेला नसेल. तो ‘सकी, १८०४’ एवढंच शोधत असेल.